दावा न्याय्य, पण खर्च कुठून आणायचा?

मालाड, प्रतिनिधी : ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यामागे न्यायाविषयीचा अविश्वास कमी आणि खर्चाची धास्ती अधिक असते. दिवाणी दाव्यात सरकार फिर्यादी नसते. आपला हक्क आपणच मांडायचा, त्याचे पुरावे आपणच जमवायचे आणि त्यासाठी लागणारा पैसाही आधी आपणच मोजायचा, अशी ही रीत आहे. मालाडसारख्या उपनगरात, जिथे साध्या दोन खोल्यांच्या घराची किंमतही कोटीच्या घरात जाऊ लागली आहे, तिथे या रीतीचा फटका मध्यमवर्गीयांना सर्वाधिक बसतो. घराच्या हक्काचा वाद उभा राहिला की दाव्याचे मूल्य मोठे होते, मूल्यासोबत कोर्ट फी वाढते आणि ज्याच्याजवळ त्या घरापलीकडे काही नाही, त्यालाच सर्वांत मोठा आकडा ऐकावा लागतो.

‘पैसा नाही म्हणून दावा नाही’ हे मात्र कायद्याचे म्हणणे नाही. खर्चाची तजवीज करण्याचे अनेक मार्ग कायद्यानेच आखून दिले आहेत. अडचण अशी, की हे मार्ग एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. एका वाटेने पाऊल टाकले की दुसरी वाट बंद होऊ शकते. म्हणून कोणता मार्ग आहे याइतकेच, तो कोणत्या क्रमाने धरायचा हेही महत्त्वाचे ठरते.

खर्च नेमका कशाचा?

दिवाणी दाव्याचा खर्च ढोबळमानाने चार भागांत पडतो. पहिला कोर्ट फीचा. महाराष्ट्रात ती १९५९च्या न्यायालय शुल्क कायद्यानुसार आकारली जाते. पैशाच्या वा मालमत्तेच्या बहुतेक दाव्यांत ती दाव्याच्या मूल्यावर ठरते. राज्यात या शुल्काची कमाल मर्यादा पूर्वी तीन लाख रुपये होती; २०१८ पासून ती दहा लाख रुपये झाली. दुसरा भाग वकिलांच्या शुल्काचा. तिसरा समन्स बजावणी, टंकलेखन, प्रमाणित नकला, भाषांतर, मूल्यांकन करणारे तज्ज्ञ, कोर्ट कमिशनर अशा किरकोळ दिसणाऱ्या, पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या खर्चाचा. चौथा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दावा हरल्यास प्रतिपक्षाचा खर्च देण्याचा आदेश होऊ शकतो.

पश्चिम उपनगरांतील अनेक दिवाणी दावे नगर दिवाणी न्यायालयाच्या दिंडोशी येथील शाखेत चालतात. या न्यायालयाची आर्थिक अधिकारमर्यादा २०१२ मध्ये एक कोटीपर्यंत, तर २०२४ मध्ये दहा कोटी रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. त्यामुळे घराच्या वादासाठी थेट उच्च न्यायालय गाठण्याची वेळ आता कमी जणांवर येते. मात्र न्यायालय जवळ आले तरी शुल्क माफ होत नाही.

आधी दरवाजा निवडा

खर्चाची तजवीज म्हणजे केवळ पैसा उभा करणे नव्हे. खर्च मुळातच कमी करणे हीदेखील तजवीजच. समजा, एखाद्या कुटुंबाने मालाड पश्चिमेला नव्या इमारतीत सदनिका आरक्षित केली, विकासकाला सत्तर लाख रुपये दिले आणि ताब्याची तारीख उलटून गेली. हीच तक्रार घेऊन दिवाणी न्यायालयात जायचे ठरवल्यास मूल्यावर आधारित कोर्ट फीचा प्रश्न येईल. शिवाय रेरा कायद्याच्या कक्षेतील बाबींवर दिवाणी न्यायालयाला अधिकारच नाही. ‘महारेरा’कडे तक्रार नोंदवण्याचे शुल्क पाच हजार रुपये आहे. ग्राहक आयोगात शुल्क ठरते ते मोबदला म्हणून प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवर. पाच लाखांपर्यंत काहीच नाही आणि पन्नास लाख ते एक कोटीच्या टप्प्यात दोन हजार रुपये. सत्तर लाखांची ही तक्रार राज्य आयोगापुढे जाईल; पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी जिल्हा आयोग ऐकतो. रेरा आणि ग्राहक आयोग हे दोन्ही मार्ग सदनिका खरेदीदाराला खुले आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात स्पष्ट केले. पुनर्विकासातील मूळ रहिवाशांची स्थिती मात्र वेगळी असते. ते नव्या सदनिकेचे ‘खरेदीदार’ ठरतात का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो आणि विकासकाशी झालेला करार वकिलाला दाखवूनच पुढचे पाऊल टाकणे इष्ट.

वीज, टपाल, रुग्णालय, विमा यांसारख्या लोकोपयोगी सेवांच्या वादांसाठी कायमस्वरूपी लोकअदालतीचा पर्याय आहे. एक कोटी रुपयांपर्यंतचे वाद तिथे विनाशुल्क नेता येतात आणि तडजोड न झाल्यास ही लोकअदालत स्वतः निर्णयही देऊ शकते. मुलांनी घर लिहून घेऊन सांभाळ नाकारल्याची तक्रार असलेल्या ज्येष्ठांना २००७च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखालील न्यायाधिकरणाकडे स्वतः किंवा एखाद्या संस्थेमार्फत अर्ज करता येतो. सांभाळाच्या अटीवर दिलेले घर, ती अट मोडल्यास परत मिळवण्याची तरतूद याच कायद्यात आहे. व्यापाऱ्यांच्या तीन लाखांवरील व्यावसायिक वादांत, तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. तीन ते दहा लाखांच्या वादात मध्यस्थाचे शुल्क पंधरा हजार रुपये असून ते दोन्ही पक्षांनी समान वाटून द्यायचे असते. तिथेच तडजोड झाली तर पुढचा सारा खर्च वाचतो.

मोफत विधी सहाय्य : पात्रता समजतो त्याहून व्यापक

दिवाणी न्यायालयाशिवाय गत्यंतर नसेल, तर पहिली चौकशी विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी. ‘मोफत वकील फक्त आरोपींना मिळतो’ हा गैरसमज अजून दूर झालेला नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे बारावे कलम दिवाणी दाव्यांनाही लागू आहे. महिला, मुले, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता या सहाय्याचा हक्क आहे. म्हणजे नोकरी करणारी, पगार घेणारी महिलाही अर्ज करू शकते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी ती पाच लाख आहे.

याच कलमात सामूहिक आपत्तीच्या बळींचाही समावेश आहे. २ जुलै २०१९ रोजी पिंपरीपाडा येथे जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळलेली पाहणाऱ्या मालाडकरांना या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको.

हे सहाय्य केवळ वकिलापुरते नसते. कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकला, कागदपत्रांचे भाषांतर यांचाही त्यात समावेश होतो. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. अर्ज साध्या कागदावर करता येतो आणि प्राथमिक माहितीसाठी १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. प्राधिकरण मात्र दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, हे पाहते. त्यामुळे अर्जासोबत कागदपत्रे सुसंगत लावून नेणे हिताचे.

महिलांसाठी राज्यात आणखी एक सवलत आहे. १ ऑक्टोबर १९९४च्या अधिसूचनेनुसार पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि वैवाहिक नात्यातून उद्भवणारे मालमत्तेचे वाद यांत महिला पक्षकारांना कोर्ट फी माफ आहे. त्यासाठी गरिबी सिद्ध करावी लागत नाही. ही माफी असूनही केवळ माहितीअभावी शुल्क भरले जाण्याचा धोका असतो. म्हणून दावा दाखल करण्यापूर्वीच वकिलाला याबाबत विचारावे.

‘निर्धन वादी’ : माफी नव्हे, उसनवारी

विधी सहाय्याच्या चौकटीत न बसणाऱ्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३३ आहे. पूर्वी या वादीला ‘दरिद्री’ अशा अर्थाचा शब्द होता. १९७६च्या दुरुस्तीने तो बदलून ‘निर्धन व्यक्ती’ झाला. निर्धन म्हणजे निष्कांचन नव्हे. दाव्याचे शुल्क भरण्याइतकी साधने ज्याच्याजवळ नाहीत, तो या अर्थाने निर्धन. मालाडच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की साधने मोजताना दाव्याचा विषय असलेली मालमत्ता वगळली जाते. ज्या घराचा वाद आहे, त्याच घराची किंमत दाखवून ‘तुम्ही तर कोट्यधीश’ असे म्हणता येत नाही. जप्तीपासून कायद्याने मुक्त असलेल्या गोष्टीही, जसे कारागिराची हत्यारे वा निवृत्तिवेतन, मोजल्या जात नाहीत. पण राहते दुसरे घर, ठेवी वा सहज मिळू शकणारा पैसा लपवता येत नाही. सर्वसाधारण व्यवहारात, कायदेशीर मार्गाने शुल्काइतका पैसा उभारण्याची क्षमता आहे का, हा निकष सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितला आहे.

अर्जात दाव्याच्या तपशिलासोबत स्वतःच्या सर्व चल-अचल मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि न्यायालयाने सूट दिली नसेल, तर तो स्वतः हजर राहून सादर करावा लागतो. न्यायालय चौकशी करते. प्रतिपक्षाला आणि सरकारी वकिलाला नोटीस जाते. अर्ज मंजूर झाला की तोच दावा म्हणून नोंदला जातो, कोर्ट फी व समन्स शुल्क भरावे लागत नाही आणि वकील नसल्यास न्यायालय तो नेमून देऊ शकते.

ही सवलत अखेरची माफी नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. वादी जिंकल्यास न भरलेल्या शुल्काचा हिशेब होतो आणि त्या रकमेचा दाव्याच्या मालमत्तेवर सरकारचा पहिला बोजा बसतो. हरल्यास शुल्क भरण्याचा आदेश वादीवरच होतो. थोडक्यात, सरकार शुल्क उसने देते.

या मार्गाचा सर्वांत मोठा लाभ मुदतीचा आहे. पैशाच्या वसुलीच्या बहुतेक दाव्यांना तीन वर्षांची मुदत असते. पैसे जमेपर्यंत थांबावे, या विचारात ती निघून जाते आणि हक्क असूनही दावा मरतो. निर्धन म्हणून अर्ज केला, तर अर्जाची तारीख हीच दाव्याची तारीख धरली जाते. अर्ज फेटाळला गेला, तरी शुल्क भरण्यास न्यायालय मुदत देऊ शकते. त्या मुदतीत शुल्क भरल्यास दावा मूळ अर्जाच्या तारखेचाच मानला जातो.

दुसऱ्याच्या पैशावर दावा

नातेवाईक, मित्र वा एखादा गुंतवणूकदार खर्च उचलतो आणि जिंकल्यास हिस्सा घेतो, अशी व्यवस्था बेकायदा असल्याची समजूत आहे. ती इंग्लंडच्या जुन्या कायद्यावरून आली. भारतात तो कायदा लागू नसल्याचे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्येच ठरवले. प्रामाणिक हेतूने, वाजवी अटींवर दाव्याला पैसा पुरवण्याचा करार वैध, मात्र पिळवणूक करणारा वा केवळ दुसऱ्याला छळण्यासाठी केलेला करार न्यायालय मानणार नाही, हे सूत्र तेव्हापासून कायम आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वकील नसलेल्या त्रयस्थाने दाव्याला पैसा पुरवून निकालानंतर तो परत घेण्यास बंदी नसल्याचे नमूद केले.

मोठ्या उद्योगांत ही पद्धत रुळू लागली आहे. विक्रोळीत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने २०१९ मध्ये लवादाचे निवाडे आणि दावे यांच्या बदल्यात ब्लॅकरॉकच्या नेतृत्वाखालील गुंतवणूकदारांकडून १,७५० कोटी रुपये उभारण्याचा करार जाहीर केला होता. सामान्य माणसाच्या घराच्या दाव्याकडे मात्र असे गुंतवणूकदार सहसा वळत नाहीत. तिथे पैसा येतो तो ओळखीतून वा सावकारीतून. सावकार परवानाधारक आहे का, हे २०१४च्या राज्य कायद्यानुसार तपासणे मग अपरिहार्य ठरते.

अशा कराराचे महाराष्ट्रातील परिणामही जाणून घ्यायला हवेत. मुंबई उच्च न्यायालयाने दिवाणी संहितेच्या आदेश २५ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, खर्चाच्या बदल्यात वादीने दाव्यातील मालमत्तेचा हिस्सा कोणाला दिला वा देण्याचे कबूल केले असेल, तर न्यायालय त्या व्यक्तीला तिच्या संमतीने सहवादी करू शकते आणि खर्चापोटी तारणही मागू शकते. याहून गंभीर बाब निर्धन वादीची आहे. दाव्याला पैसा पुरवण्याचा करार दुसऱ्या कोणी वादीशी केलेला असेल, तर निर्धन म्हणून केलेला अर्ज फेटाळला जातो. परवानगी मिळाल्यानंतर मालमत्तेतील हिस्सा कोणाला लिहून दिला, तर ती परवानगीही काढून घेतली जाऊ शकते. एखाद्या परिचिताने ‘खर्च मी करतो, निम्मे मला’ असे लिहून घेतलेला कागद अशा वेळी वादीवरच उलटतो.

वकिलाशी ‘टक्केवारी’ नको

हाच करार वकिलाशी केला तर काय? मुंबईतील एका ज्येष्ठ वकिलाने वसुलीतील निम्मा वाटा घेण्याचा करार पक्षकाराशी केला होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्रयस्थाशी असा करार होऊ शकतो, परंतु वकिलाने तो करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असा निर्वाळा दिला. बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून शुल्क ठरवणे, वसुलीत हिस्सा घेणे आणि दाव्यासाठी पक्षकाराला पैसे उसने देणे या तिन्ही गोष्टी वकिलाला वर्ज्य आहेत. २०१७ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने टक्केवारीचे शुल्क सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवले. ‘आता काही देऊ नका, जिंकल्यावर वीस टक्के द्या’ हा प्रस्ताव दिलासादायक वाटला, तरी त्याचा पाया कच्चा आहे. त्याऐवजी दाव्याच्या टप्प्यांनुसार हप्ते ठरवून घ्यावेत. नोटीस, दावा दाखल करणे, अंतरिम अर्ज, पुरावा, युक्तिवाद असे टप्पे लेखी मांडले आणि प्रत्येक रकमेची पावती घेतली, की दोन्ही बाजूंचा गैरसमज टळतो.

वाटून घेतलेला भार

गृहनिर्माण संस्थांचे आणि एकाच प्रकल्पातील खरेदीदारांचे वाद अनेकांचे सामाईक असतात. समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एक-दोघांनी न्यायालयाच्या परवानगीने दावा लढवण्याची सोय दिवाणी संहितेत आहे. ग्राहक कायद्यातही तशी तरतूद आहे. जाहीर नोटिशीचा खर्च वादीवर पडतो, तरी तो वाटला की हलका होतो. संस्थेने खर्च उभारताना सर्वसाधारण सभेचा ठराव, स्वतंत्र वर्गणी आणि तिचा स्वतंत्र हिशेब ही त्रिसूत्री पाळावी. मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेला सिंकिंग फंड वकिलाच्या शुल्कासाठी वापरण्याचा मोह टाळलेला बरा. अन्यथा मूळ वादाच्या जोडीला सभासदांतच नवा वाद उभा राहतो.

खर्च परत मिळतो का?

काही अंशी मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळण्याची तरतूद आहे. जिंकणाऱ्याला खर्च देववण्याचा न्यायालयाला अधिकार आहे आणि त्यात नोटीस, टंकलेखन, कागदपत्रांची तपासणी, साक्षीदारांचा खर्च धरता येतो. वास्तव आणि वाजवी खर्च मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले. व्यवहारात मात्र मिळणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चाच्या जवळपासही नसते. खोट्या, त्रासदायक बचावाबद्दल मिळणाऱ्या भरपाईची संहितेतील मर्यादा तर तीन हजार रुपये आहे. त्यामुळे ‘सारा खर्च समोरच्याकडून वसूल करू’ या भरवशावर कर्ज काढणे धोक्याचे.

क्रम चुकवू नका

पहिली तपासायची गोष्ट म्हणजे मुदत. मुदत संपण्याची तारीख कागदावर लिहून ठेवावी. त्यानंतर कमी शुल्काचा मंच उपलब्ध आहे का, ते पाहावे. नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची पात्रता आणि महिलांसाठीची शुल्कमाफी तपासावी. तिथेही न बसल्यास निर्धन वादीचा अर्ज आपल्याला लागू होतो का, हे विचारावे आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत कोणाशीही दाव्यातील हिश्श्याचा करार करू नये. स्वतःची बचत, घरच्यांचे बिनव्याजी पैसे, बँकेचे कर्ज हे पर्याय त्यानंतरचे. त्रयस्थाला हिस्सा देण्याचा पर्याय सर्वांत शेवटचा आणि तोही लेखी, वाजवी अटींवर.

घर गहाण टाकून किंवा दागिने मोडून दावा उभा करणाऱ्यांना यातील निम्म्या वाटा माहीतच नसतात. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी कागदपत्रांचा एक संच घेऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले, तर पात्रतेचे उत्तर मिळते आणि त्या चौकशीला पैसे लागत नाहीत.